ग्लुटेन नको, दूध नको, काजू नको, अंडंही नको: मुलुंडमधल्या एका केकचं प्रकरण

मुलुंड पूर्वेतलं कुटुंब. आई, बाबा, आजी आणि मे महिन्याच्या मध्यावर नऊ वर्षांची होणारी मुलगी. तिला सीलिॲक आहे, म्हणजे गहू, जव आणि राय यांतलं ग्लुटेन हे प्रथिन आयुष्यभर बंद. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. दूध पोटात गेलं की अर्ध्या तासात अंगावर गांधी उठतात आणि उलट्या सुरू होतात. काजू-पिस्त्याचं त्याहून वाईट. पाचव्या वर्षी काजूकतलीच्या एका तुकड्याने ओठ आणि डोळे सुजले, रात्र रुग्णालयात गेली. चौथी अट डॉक्टरांची नाही, घराची आहे: या घरात अंडं येत नाही, आणि नातीच्या केकचा पहिला घास आजीच घेणार हे ठरलेलं.

पाहुणे सोळा, जागा सोसायटीचा हॉल, हातात दहा दिवस. मुलीची मागणी एका वाक्याची: "चॉकलेटचा, दोन थरांचा, दुकानात असतो तस्सा."

नावावरून शोधलं, तिथेच चुकलं

पहिले दोन दिवस शोध नावांवर चालला. एगलेस, व्हेगन, ग्लुटेन-फ्री, नट-फ्री. मुंबईत यातलं एकेक हवं असेल तर अडचण नाही. एगलेस तर गल्लीच्या तोंडावर मिळतं. चारही एकत्र मागितले की मात्र कोणी सापडत नाही. नशीब वाईट म्हणून असं होत नाही, केकची घडणच तशी आहे.

अंडं तीन कामं करतं: बांधून ठेवणं, फुलवणं, ओलावा देणं. आपल्याकडच्या एगलेस केकमध्ये ती कामं बहुधा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही करतं. म्हणजे अंडं गेलं आणि दूध दुपटीने आलं. व्हेगन केकमधून दूध आणि अंडं दोन्ही जातं, पण मग केक उभा राहतो तो मैद्यातल्या ग्लुटेनवर, आणि वरचं क्रीम बऱ्याचदा काजू भिजवून वाटलेलं असतं. ग्लुटेन-फ्री केक बदामाच्या पिठावर आणि भरपूर अंड्यांवर तोलतात. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात, तसा हा प्रकार. (इराणी बेकरीतला मावा केक या घरासाठी सगळ्यात सोपा: मैदा, मावा, अंडं. एका नजरेत नापास, फोनचाही खर्च नाही.)

पाकिटावरच्या खुणांचंही तेच. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की आत मांस-मासे-अंडं नाही. दूध शाकाहारीच, त्यामुळे ठिपक्यावरून दुधाबद्दल काही कळत नाही. 2022 पासून व्हेगन पदार्थांना हिरव्या व्ही आणि पानाचं वेगळं चिन्ह आलं, पण त्याचा गव्हाशी संबंध नाही. ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. त्याचा दुधाशी संबंध नाही. उपयोगी पडते ती घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ. 2020 च्या लेबलिंग नियमांत ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचाची फळं आणि सोया हे सगळं जाहीर करायला सांगितलेलं आहे. पण ते पाकिटबंद मालापुरतं. काचेच्या कपाटातल्या केकवर किंवा घरून आलेल्या खोक्यावर सहसा अशी ओळ नसते. तिथे विचारावंच लागतं, आणि ते कसं विचारायचं हा या प्रकरणातला निम्मा भाग आहे.

अटींची उतरंड

फोन करण्याआधी कागदावर एक काम करायला हवं होतं, ते तिसऱ्या दिवशी झालं. चार अटी एका वजनाच्या नाहीत.

काजू-पिस्ता: धोका मिनिटांचा. कणही नको, आणि त्या दिवशी त्याच ओट्यावर काजू असलेली जागाही नको. दूध: धोका तासाभरातला, थेंबही नको. ग्लुटेन: लगेच काही दिसेलच असं नाही, पण आतड्याचं नुकसान होतंच, आणि मैदा हवेत उडतो, ही त्याची खोड. दुधाचं भांडं साबणाने घासून स्वच्छ करता येतं. मैदा मात्र चाळणीच्या जाळीत, मिक्सरच्या खाचेत, पंख्याच्या पात्यावर, फडक्यात बसतो. अंडं: याबद्दल आजींनाच विचारलं. "केकात नको, एवढंच. भांडी घासलेली असली म्हणजे झालं." या उत्तराने शोध बराच मोकळा झाला, कारण इतरांसाठी अंड्याचे केक करणारेही आता यादीत बसत होते. घरोघरी ही अट न विचारताच सगळ्यात कडक धरली जाते आणि वैद्यकीय अटींमध्ये "थोडंसं चालेल" असं होतं. व्हायला हवं ते नेमकं उलट.

आणखी दोन गैरसमज इथेच निकालात काढले. लॅक्टोज-फ्री दूध या मुलीला चालत नाही. त्यात साखर बदललेली असते, प्रथिनं तीच. आणि साजूक तूप. "तुपात दूध कुठलं?" हा प्रश्न घरात कोणीतरी विचारतंच. कढवताना बेरी गाळली जाते, पण प्रथिनांचा अंश तुपात राहू शकतो. म्हणून केकच्या टिनला हात फिरवायचा तो तेलाचा.

सात फोन

"ग्लुटेन-फ्री करता का?" या प्रश्नाला उत्तर "हो" असंच येतं. त्यातून काही कळत नाही. कळतं ते या प्रश्नांतून: पीठ कोणतं, पाकिटाचं की सुटं? त्याच दिवशी मैद्याचे केक होतात का? चाळणी वेगळी आहे का? क्रीमच्या डब्यावर मागे काय लिहिलंय? काजू-बदाम कुठे ठेवता?

पहिला फोन वांद्र्याच्या एका पॅटिसरीला. ग्लुटेन-फ्री चॉकलेट केक रोज तयार. बदामाचं पीठ, अंडी, लोणी. संपलं. दुसरा ठाण्यातल्या व्हेगन बेकरताईंना. त्या मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घ्यायला तयार होत्या, पण ओटा तोच, काजूचं क्रीम रोजचं.

तिसरा फोन घाटकोपरच्या एगलेसवाल्यांना. इथे जरा थांबायला हवं, कारण या ठिकाणी बरेच जण फसतात.

"क्रीम नॉन-डेअरी आहे ना मॅडम, दुधाचा प्रश्नच नाही."

"दादा, डब्यावर मागे घटक लिहिलेत, त्याचा फोटो टाकाल?"

फोटो लगेच आला, माणूस प्रामाणिक होता. पाणी, साखर, वनस्पती तेल आणि चार नावं सोडून सोडियम केसिनेट. केसिन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, तेच या मुलीला चालत नाही. विपिंग टॉपिंगमध्ये नॉन-डेअरी म्हणजे स्निग्धांश दुधाचा नाही, वनस्पती तेलाचा आहे, एवढाच अर्थ. फेसाला आधार द्यायला दुधाचं प्रथिन त्यात बऱ्याचदा घातलेलं असतं. विकणारा खोटं बोलत नसतो. तो शब्द त्याच्या धंद्यात वेगळ्या अर्थाने वापरला जातो. हेच केसिनेट नारळाच्या दुधाच्या पावडरमध्येही आढळतं, हे पुढे कामी आलं.

चौथ्या ठिकाणी "हो हो, सगळं होईल, फोटो पाठवा डिझाइनचा" असं उत्तर आलं. चार अटी ऐकून ज्याला एकही उलट प्रश्न पडत नाही, त्याचं नाव खोडावं. पाचव्या, भांडुपच्या बेकरताई, पाच मिनिटं प्रश्नच विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, माझ्या घरात मैदा रोज उडतो. तुमच्या मुलीसाठी मी नाही करणार. पण तुम्ही घरी करा, मी सांगते." सात फोनांमधला सगळ्यात उपयोगी फोन हाच. सहावी जागा सगळ्यात जवळ आली होती: बोरिवलीचं एक घर, घरातच सीलिॲक, त्यामुळे गहू उंबऱ्याच्या आत नाही. पण तिथला खपणारा माल बदाम आणि काजूच्या पिठाचा. काजूचं पीठही पीठच, तेही उडतं. काजूची अट नसती तर शोध इथे थांबला असता. सातवा फोन लागलाच नाही.

म्हणजे केक घरी. मध्ये आजींनी सांदण सुचवलं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ, नारळाचं दूध, वाफवलेलं. तवसाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडसही तसंच. कोकणाने गहू, दूध, अंडं यांपैकी काहीही न घेता केक करून ठेवला आहे, फक्त त्याला केक म्हटलेलं नाही. मुलीने एक घास खाल्ला, आवडला, आणि म्हणाली, "हे सांदण आहे." वाद संपला. पण तांदूळ आणि नारळ ही जोडी तिथूनच पक्की झाली.

सामान

मुख्य पीठ तांदळाचं. ते कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणायचं नाही. गिरणीत तुमच्या आधीचा डबा गव्हाचा असतो. जात्यात अडकलेली कणीक तुमच्या तांदळात उतरते. पहिला किलो बाजूला काढून ठेवला तरी खात्री नाही. घरात उकडीच्या मोदकांसाठी पिठी करतात तसं करायचं: अर्धा किलो तांदूळ निवडून, तीन पाण्यांनी धुऊन, फडक्यावर पंख्याखाली वाळवून, मिक्सरवर बारीक वाटून नव्या बारीक चाळणीने चाळायचा. चाळणीवर राहिलेली कणी पुन्हा वाटायची. मिक्सरच्या भांड्याचं पातं काढून खालचा रबरी वॉशर वेगळा घासायचा. दिवाळीतल्या काजूचा लगदा तिथे सापडतो. सापडलाच. वॉशर नवा आणला, पन्नास रुपयांच्या आतलं काम.

नाचणीचं पीठ ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकिटाचं घेतलं, कारण नाचणी मिक्सरवर नीट दळली जात नाही. कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, बेकिंग सोडा पाकिटाचे, ॲलर्जीची ओळ वाचून. साखर घरीच दळली. कोको पावडर साधी, बिनसाखरेची. ड्रिंकिंग चॉकलेट नाही. चॉकलेटची लादी मुद्दाम टाळली. डार्क चॉकलेटमध्ये दूध नसलं तरी त्याच यंत्रावर मिल्क चॉकलेट आणि काजू-बदामाचं चॉकलेट होत असतं, आणि "दूध व कवचाच्या फळांचा अंश असू शकतो" ही ओळ बहुतेक वेष्टनांवर दिसते. कंपाउंड चॉकलेटमध्ये तर बऱ्याचदा दुधाची पावडरच असते. कोकोच्या डब्यावरही ही ओळ शोधावी. दोन डबे परत ठेवले, तिसरा मिळाला.

इसबगोलाची साधी भुसी औषधाच्या दुकानातून, चव-साखर न घातलेली. ग्लुटेनचं बांधण्याचं काम ती करणार. व्हिनेगर हवं असेल तर माल्ट व्हिनेगर नको, ते जवाचं असतं. इथे लिंबू वापरलं. नारळाचं दूध पावडरचं नाही, कारण वर आलंच आहे. तीन नारळ खवून, पहिलं दाट दूध आयसिंगला आणि दुसरं पातळ दूध केकला.

तीन चाचण्या

दोन थरांपैकी एका थराचं माप, सात इंची टिनसाठी: तांदळाची पिठी 120 ग्रॅम, नाचणी 40, कॉर्नफ्लोअर 40, कोको 30, दळलेली साखर 160, इसबगोल 5, मीठ दोन चिमटी, तेल 80 मिली, नारळाचं पातळ दूध 260 मिली, लिंबाचा रस 15 मिली, बेकिंग पावडर दीड चमचा, सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा. वाटी-चमच्याने नाही, वजनकाट्याने. इसबगोल तर चमच्याने मोजूच नये. भुसी हलकी, एकाचा चमचा तीन ग्रॅमचा, दुसऱ्याचा सहाचा.

हे माप पहिल्या फटक्यात आलं नाही. पहिली चाचणी चौथ्या दिवशी, पाव मापाने, छोट्या स्टीलच्या डब्यात. त्या वेळी इसबगोल 200 ग्रॅम पिठाला 12 ग्रॅम या हिशेबाने होतं. वरून केक देखणा, आणि कापल्यावर खाली बोटभर चिकट, रबरी थर. इसबगोल आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं आणि भट्टीतही सोडत नाही. त्या पाण्यात पीठ शिजतं पण सुकत नाही. त्यात भर म्हणजे केक गरम असतानाच कापला. गव्हाचा केक कोमट कापलेला चालून जातो. तांदळाचा स्टार्च थंड होताना घट्ट होतो, त्याला निदान दोन तास द्यावे लागतात.

दुसऱ्या चाचणीत इसबगोल 5 ग्रॅमवर आणलं. चिकटपणा गेला, पण दाताखाली बारीक वाळू. दोन कारणं: पिठी एकदाच चाळली होती, आणि पीठ कालवल्याबरोबर भट्टीत गेलं. तांदळाला पाणी प्यायला वेळ लागतो. आता अडचण अशी की सोडा घालून पीठ ठेवलं तर फुगवटा भांड्यातच संपतो. उपाय सोपा आहे, पण पुष्कळ कृतींमध्ये तो लिहिलेला नसतो: पीठं, कोको, साखर, इसबगोल, तेल, नारळाचं दूध एवढंच कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. भट्टी तापली की मग बेकिंग पावडर आणि सोडा चाळून घालायचा, लिंबू पिळायचं, वीस-पंचवीस वेळा ढवळून लगेच टिनमध्ये ओतायचं. ग्लुटेन नसल्यामुळे जास्त ढवळलं तर केक चिवट होईल ही भीती इथे नाही. उलट नीट ढवळलं नाही तर सोड्याचे गोळे राहतात आणि त्या घासाला साबणासारखी चव येते.

तिसरी चाचणी पूर्ण मापाची. अर्धा तास मुरलेलं पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं सैल, कालथ्यावरून जाड पट्टीसारखं पडणारं. 170 अंशांवर 40 मिनिटं. मधोमध किंचित तडा गेला, सळई कोरडी निघाली. पहिली तीस मिनिटं दार उघडायचं नाही. या केकला अंड्याचा आधार नाही, मध्ये हवा लागली की तो बसतो आणि पुन्हा उठत नाही.

त्या केकचे दोन भाग करून एक फ्रिजमध्ये आणि एक घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला भाग सुरी लावताच चुरा झाला, बाहेरचा मऊ. शिळं होण्याचं काम, म्हणजे स्टार्च पुन्हा कडक होणं, फ्रिजच्या थंडीत सगळ्यात जोरात चालतं. रात्रीचा भात सकाळी फ्रिजमधून काढला की कळतं. फ्रीझरमध्ये ते थांबतं. म्हणून तांदळाचा केक बाहेर ठेवावा किंवा थेट गोठवावा, फ्रिजमध्ये ठेवू नये.

मे महिन्यातलं आयसिंग

लोणी नाही, टॉपिंग नाही. नेटवरच्या कृती खोबरेल तेल घट्ट करून फेटायला सांगतात. खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळतं आणि मुंबईत मे महिन्यात दुपारी 33-34 अंश असतात. ते क्रीम केकवरून ओघळून खाली ताटात जमा होतं.

म्हणून आधार चरबीचा घ्यायचा नाही, स्टार्चचा घ्यायचा. दाट नारळाचं दूध 400 मिली, कोको 40 ग्रॅम, साखर 120, कॉर्नफ्लोअर 36, मीठ चिमूटभर. कोरड्या वस्तू आधी थोड्या गार दुधात गुळगुळीत करायच्या, मग सगळं एकत्र करून मध्यम आचेवर पिठलं हाटतात तसं सतत हलवत राहायचं. नुसतं नारळाचं दूध उकळलं की फुटतं. कॉर्नफ्लोअर सुरुवातीपासून असलं की फुटत नाही. घट्ट झालं की लगेच उतरवायचं नाही. मोठे बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी एक मिनिट. कच्चं राहिलं तर नंतर पाणी सुटतं. उतरवून वर प्लास्टिक चिकटवून ठेवायचं, म्हणजे साय धरत नाही. हे मात्र फ्रिजमध्ये. नारळाचं दूध मेच्या उकाड्यात दुपारभरात आंबतं. वापरण्याआधी व्हिस्कने दहा-बारा फेरे मारायचे, जास्त नाही. फार घुसळलं की सैल होतं.

आदला दिवस आणि तो दिवस

ओट्यावर शेवटची पोळी दीड दिवस आधी लाटली गेली. पोळपाट, लाटणं, परात आणि कणकेचा डबा बाल्कनीत. ओटा ओल्या फडक्याने दोनदा, दुसऱ्या वेळी नवं फडकं. कोरडं झटकायचं नाही, त्याने पीठ उडून परत बसतं. लाकडी चमचे बाद, स्टीलचा कालथा घेतला. मधले दोन डबे मुलीच्या बाबांनी बाहेरून आणले, पाव नाही, भात-आमटीचे.

ओटीजी शेजारच्या काकूंचा. जाळी, ट्रे, खालचा चुऱ्याचा पत्रा साबणाने घासले. तापवून ग्लुटेन नष्ट होतं हा समज चुकीचा आहे, धुऊनच जातं. आतला पंखा बंद ठेवला, तो जुना चुरा फिरवतो. ओटीजी लहान, एका वेळी एकच टिन. म्हणून दोन्ही थरांचं पीठ एकत्र मुरवलं, पण दुसऱ्या भांड्यात सोडा-लिंबू घातलं ते पहिला टिन बाहेर आल्यावरच. हे विसरलं तर खालचा थर दोन इंची आणि वरचा एक इंची होतो.

केक सकाळी आठला भाजले, दुपारपर्यंत जाळीवर गार केले, मग डब्यात. चारला हॉलमध्ये एसी लावून तिथेच रचला. मध्ये साधारण 200 ग्रॅम आयसिंग, बाकी वरून आणि कडेने. सजावटीच्या रंगीत गोळ्या आणल्या नाहीत. सुट्या पुडीत काय मिसळलंय ते वाचता येत नाही. वर हापूसच्या फोडी, त्याही मेणबत्त्या लावायच्या दहा मिनिटं आधी, नाहीतर रस सुटतो. आंबा काजूच्याच कुळातला, म्हणून आईला शंका होती. पण मुलगी दरवर्षी पेटीभर आंबे खाते, आणि डॉक्टरांची हरकत नव्हती. खोका, पुठ्ठा आणि वरचं कागदी नाव भांडुपच्या ताईंनी पाठवलं.

पाहुण्यांसाठी दुसरा "नेहमीचा" केक आणायचा का, हा प्रश्न शेवटच्या दिवशी निघाला. नाही, हेच बरोबर. दोन केक म्हणजे दोन सुऱ्या, आणि पाच मिनिटांत त्यांची अदलाबदल होते. केक सगळ्यांना एकच. बाकी खाणंही साधं: बटाट्याचे वेफर्स, घरचा बटाटेवडा, कोकम सरबत. वड्यात हिंग घातला नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

खरा धोका केकपेक्षा रीतीत होता. औक्षण करताना आजी तोंडात पेढा घालतात. त्या जागी खडीसाखर ठेवली, तबकात आधीपासून, म्हणजे ऐन वेळी कोणी पेढा शोधायला जाणार नाही. निरांजनात तूप आहे ते तसंच राहिलं, ते खायचं नाही. दुसरं, केक भरवणं. मुलगी सोळा जणांना भरवते इथपर्यंत ठीक. पण मग प्रत्येक जण तिला भरवतो, आणि त्या बोटांना घरून निघताना खाल्लेलं बिस्किट लागलेलं असू शकतं. म्हणून केक आधी कापला, खाणं नंतर उघडलं, आणि तिला भरवलं फक्त आजीने, हात धुऊन. बाकीच्यांना आधीच सांगितलं होतं: "भरवू नका, टाळ्या वाजवा." एक मावशी जरा नाराज झाल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आईच्या पर्समध्ये होती, हॉलच्या कपाटात नाही.

आयसिंग सव्वा तास टिकलं, कडेला थोडं मऊ पडलं. दीड तासात केक संपवला; नारळाचं दूध त्यापुढे त्या हवेत ठेवू नये. अंगावर गांधी नाहीत, उलटी नाही, म्हणजे दूध आणि काजूचं काम नीट झालं. ग्लुटेनबद्दल मात्र "पोट दुखलं नाही" हा पुरावा धरता येत नाही. सीलिॲकमध्ये बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, ते नेहमीच्या रक्ततपासणीवर सोडायचं.

चार तुकडे बिनआयसिंगचे मुद्दाम आधीच काढून ठेवले होते. प्रत्येक वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये, वर तारीख. जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गमित्रांचे वाढदिवस सुरू होतात. बोलावणं आलं की सकाळी एक तुकडा बाहेर काढायचा, संध्याकाळपर्यंत तो मऊ होतो, आणि तिच्या डब्यातून तिच्याबरोबर जातो. महिनाभर चांगला राहतो. पुढच्या वेळी चारऐवजी आठ काढावेत, असं आईने मापांच्या कागदावरच लिहून ठेवलंय.